नमुना क्रमांक एक

गावात मला डॉक्टर म्हणतात, आणि मी आजवर एकाही माणसाला तापाची साधी गोळीसुद्धा दिलेली नाही. पीएचडी संपवून मी एका प्रयोगशाळेत पोस्टडॉक संशोधक म्हणून लागले. आम्ही रक्ताच्या कॅन्सरवर काम करतो. म्हणजे माणूस राहतो कुठेतरी लांब, आणि आमच्यापर्यंत येते ती त्याच्या रक्ताची जांभळ्या बुचाची नळी. नळी कण्हत नाही, नळीचे नातेवाईक बाहेर बाकावर बसलेले नसतात. मला ते फार बरं वाटायचं, कारण मी मुळातली भित्री. दवाखान्याच्या वासानेच माझे पाय लटपटतात. म्हणूनच तर मी डॉक्टर झाले नाही आणि हा मागचा दरवाजा धरला.

आईला हे समजावण्याचा एकदा प्रयत्न केला होता. ती गावभर सांगत सुटायची, "मन्ही पोर कॅन्सरनी डॉक्टर शे." मी म्हटलं, माय, मी औषध देत नाही, मी फक्त पेशी बघते. ती म्हणाली, "देखस ना? मंग तेच ते." त्यानंतर मी नाद सोडला.

आमच्या कामात रोग्याच्या रक्ताइतकंच निरोगी रक्तही लागतं, ताडून पाहायला. एरवी त्याची रीत सोपी आहे. कुणीतरी प्रयोगशाळेतच बाही वर सारतो, दुसरा सुई टोचतो, आणि ती नळी ‘निरोगी’ म्हणून मशीनवर चढते. पण आमचा नवा अभ्यास म्हाताऱ्या वयात हळूहळू वाढणाऱ्या कॅन्सरचा होता. त्याला पंचावन्नच्या पुढची निरोगी माणसं हवी होती, आणि आम्ही सगळे तिशी-पस्तिशीचे. सरांनी बैठकीत विचारलं, अशी माणसं कुठे मिळतील? मी हात वर केला. म्हटलं, आमच्या नंदुरबारकडे मिळतील की, हवी तेवढी. शेतातले भोपळे सांगावेत तसं सांगितलं मी. मिरवायची हौस, दुसरं काय.

डिसेंबरात तळोद्याला तीन दिवसांचं शिबिर ठरलं. आमचं गाव तिथून जीपने अर्ध्या तासावर, तापीच्या अंगाला. एका शाळेच्या दोन खोल्या मिळाल्या. मी, रक्त काढणारा आमचा तंत्रज्ञ, आणि पहाडातल्या बायकांशी त्यांच्या पावरी बोलीत बोलायला एक आशाताई. चौथी न बोलावता आली, ती आई. डब्यात ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या भाकरी आणि ठेचा घेऊन सकाळी नऊलाच शाळेच्या ओट्यावर हजर.

पहिल्या दिवशी पहाडातून दोन जीप भरून बायका आल्या आणि एकही खोलीत शिरेना. सिकलसेलच्या तपासण्या त्यांच्या ओळखीच्या होत्या, पण त्यात बोटाला टोचून थेंबभर रक्त घेतात. इथे तर अख्खी नळी. एकीने आशाताईला विचारलं, मी आजारी नाही तर माझं एवढं रक्त कशाला नेता? प्रश्न अगदी रास्त होता. मी अभ्यास, तुलना, विज्ञान असं काहीबाही बोलले. आशाताईने त्याचं जे काही केलं असेल ते केलं, पण बायका जागच्या हलल्या नाहीत.

तेव्हा आई उठली. तिने दारातली खुर्ची सगळ्यांना दिसेल अशी ओढली, पदर खोचला आणि हात पुढे केला. "देखा वं, मी देस पहिले." तंत्रज्ञाने रक्त काढलं. आई तोवर बायकांशी अर्धी अहिराणी, अर्धी भिली बोलत हसत होती. आमच्या शेतात निंदणीला येणाऱ्या बायकांकडून ती मोडकीतोडकी भिली शिकली आहे. मी बाजूला बसून तिचा फॉर्म भरला. नमुना क्रमांक एक.

आता फॉर्मबद्दल सांगायला हवं. तो चार पानी होता आणि शेवटच्या पानावर शेवटचा प्रश्न असा होता: तुमच्या रक्तात आरोग्याच्या दृष्टीने काही आढळल्यास तुम्हाला कळवावे का? पुढे दोन चौकटी, ‘होय’ आणि ‘नाही’. ‘नाही’वर खूण केली की फॉर्म संपला. ‘होय’वर केली की आणखी दोन पानं. पत्ता, जवळचा नातेवाईक, कुठल्या दवाखान्यात पाठवायचं, समुपदेशन कोण करणार, आणि पुन्हा दोन अंगठे. ‘नाही’ म्हणणाऱ्याकडे नंतर कुणीही जायचं नाही, त्याला न कळण्याचा हक्क आहे, असा नियम. नियम चांगलाच आहे. माणसाला खरोखर विचारलं असेल तर.

आईला मी विचारलं नाही. ती काय, आपली आई, बायकांची भीड चेपावी म्हणून बसलेली. मी ‘नाही’वर खूण केली आणि फॉर्म मिटला. त्यानंतरच्या पाच-सहा जणींना विचारलं. प्रत्येक वेळी आशाताईने ते पावरीत सांगायचं, बाईने उलट विचारायचं की काय सापडेल, मी समजवायचं, त्यातून ती घाबरायची, आणि मागे रांग वाढायची. जीपवाला चारला निघणार म्हणून हॉर्न वाजवायला लागला. मग केव्हातरी मी विचारायचं सोडलं. पेन आपोआप ‘नाही’वर जायला लागलं. दुसऱ्या आणि तिसऱ्या दिवशी तर मला त्याचं काही वाटलंसुद्धा नाही. उलट वेग आला म्हणून मी खूश होते.

नावं आणि क्रमांक यांची यादी पाकिटात बंद होऊन सरांच्या कपाटात गेली. काम करणाऱ्याला माणूस कळू नये, फक्त क्रमांक कळावा, म्हणून. आमच्याकडे राहिलेल्या फॉर्मच्या प्रतींवरही नुसते क्रमांक होते. मला फक्त एकच क्रमांक माहीत होता.

नळ्या बर्फाच्या पेटीतून नेऊन लगेच मशीनवर चढवल्या होत्या. निघालेले आकडे मात्र मी जानेवारीपासून जमेल तसे, मिळेल त्या क्रमाने बघत होते. क्रमांक एक उघडला तो फेब्रुवारीत, एका दुपारी, जेवून आल्यावर. पडद्यावर प्रत्येक पेशीचा एक ठिपका दिसतो. मी ज्या पांढऱ्या पेशी बघते त्यांचे निरोगी रक्तात दोन प्रकार असतात आणि दोन्हींचे ठिपके पडद्यावर पडलेले दिसतात, लग्नात मुलाकडचे आणि मुलीकडचे दोन्ही वऱ्हाडी असावेत तसे. एकच पेशी बिघडली आणि तिचीच प्रजा वाढत गेली की मग एकाच बाजूचे लोक. दुसऱ्या बाजूला सतरंजी रिकामी. भरलेल्या बाजूचे ठिपके जितके दाट, तितका रोग पुढे गेलेला.

क्रमांक एकमध्ये एक बाजू जवळजवळ रिकामी होती.

माझ्या हातापायांतलं बळ गेलं. खरोखर गेलं, खुर्चीत बसलेली होते म्हणून बरं. आधी मी मशीनवर संशय घेतला. त्या दिवशीच्या सगळ्या नोंदी काढल्या, आधीची नळी, नंतरची नळी, सगळं जागच्या जागी. मग मनात आलं, नळ्यांची अदलाबदल झाली असेल. पहिल्याच नळीची अदलाबदल कुणाशी होणार, तेव्हा तर दुसरी नळी भरलेलीच नव्हती. तरी मी मनात म्हणत राहिले, दुसऱ्या कुणाचं तरी असू दे. दुसऱ्या कुणाच्या तरी आईचं असू दे. हे असं मी शब्दांत म्हणाले, आणि ते लिहिताना लाज वाटते, पण म्हणाले.

मला हेही माहीत होतं की हा प्रकार बहुधा संथ असतो. कित्येकांना वर्षानुवर्षं काही होत नाही, डॉक्टर नुसतं लक्ष ठेवतात. काहींचं तर रोगापर्यंत जातच नाही. हे मी स्वतः भाषणांतून सांगितलेलं आहे, चित्रं दाखवून, पाणी पीत पीत. त्या दुपारी त्यातल्या एका वाक्याचाही मला आधार वाटला नाही. मला फक्त ‘काहींचं’ हा शब्द ऐकू येत होता, आणि उरलेल्यांचं काय होतं तेही मला पाठ होतं.

मी फॉर्मची प्रत काढली. शेवटचं पान. ‘नाही’. शाई माझी, खूण माझी. नियमाप्रमाणे मी आईला सांगू शकत नव्हते, कारण आईने सांगू नका म्हटलं होतं, जे तिने कधीच म्हटलेलं नव्हतं.

सरांना मी काही बोलले नाही. आईची तब्येत बरी नाही असं सांगून चार दिवसांची रजा घेतली. ही माझी नेहमीची थाप. या वेळी ती थाप नव्हती.

सुरतेहून येणाऱ्या गाडीत नवापूर आलं की मला एरवी घरी पोहोचल्यासारखं वाटतं. खिडकीतून कोंबड्यांच्या शेडचा वास येतो, डब्यात गुजराती कमी होते आणि अहिराणी वाढते. या खेपेला नवापूरला गाडी थांबली तर वाटलं, थांबूनच राहावी. पुढे जाऊच नये. मी घरी नाही गेले तोवर आई धडधाकट आहे, असा काहीतरी येडपट हिशोब माझ्या डोक्यात चालला होता. नंदुरबारला उतरले, जीप धरली, तापीचा पूल ओलांडला. शेजारच्या बाईने विचारलं, तब्येत बरी नाही का तुमची? मी म्हटलं, गाडी लागते.

भाऊ आणि वहिनी शेतात केळीला पाणी द्यायला गेले होते. आई ओट्यावर तूर पाखडत बसली होती. मला पाहून तिला आनंद झाला, आणि मी तिच्याकडे आपण पडद्याकडे बघतो तसं बघत होते. बारीक झाली का? गालांचा रंग उतरला का? धाप लागते का? तिने सूप खाली ठेवलं आणि उठताना कमरेला हात लावला, तर मी तिला धरायला धावले. बासष्ट वर्षांची बाई कमरेला हात लावून उठते यात नवल ते काय. पण मला आता तिच्या प्रत्येक गोष्टीची भीती वाटत होती.

जेवणं झाल्यावर मी म्हटलं, माय, बस, केसांना तेल लावून देते. ती माझ्याकडे बघतच राहिली. दहावीनंतर मी तिच्या डोक्याला हात लावलेला नव्हता.

"आज काय व्हयनं वं तुले? इतली माया!"

"बस ना."

ती बसली. मी तेल लावलं, बोटं केसांतून फिरवली, आणि हळूच कानांच्या मागे, मानेच्या दोन्ही बाजूंनी, जबड्याखाली नेली. पुस्तकात वाचलेलं होतं, माणसावर कधी केलेलं नव्हतं. मला तेल लावायचंच नव्हतं, गाठी शोधायच्या होत्या. आईला सुख वाटत होतं, तिने डोळे मिटले होते. त्यामुळे तर मी जास्तच चोर वाटत होते स्वतःला. डाव्या जबड्याखाली काहीतरी लागलं. हरभऱ्याएवढं, बोटाखाली सरकणारं.

"माय, आठे काय शे?"

"दाढ दुखी ऱ्हायंती मांगला म्हैनामा. तवयपासून शे."

असेलही. दाढेने गाठ येतेच. मी तिथेच बोट ठेवून बसले. काढवेना आणि दाबवेना.

"पोरी," आई डोळे न उघडता म्हणाली, "तू तेल लायी ऱ्हायनी का काही धुंडी ऱ्हायनी?"

मग माझ्याने राहवलं नाही. सबंध प्रवासभर मी एक प्रश्न घोकत आले होते. वाटलं होतं, जो तेव्हा विचारला नाही तो आता विचारायचा, तिने उत्तर दिलं की खूण खरी होईल, मग होय असो की नाही, मी मोकळी. मी म्हटलं, "माय, समज, तुन्हा रगतमा काही निंघनं, ते तुले सांगानं का नही?"

विचारून होईपर्यंत मला कळलं की आता हा प्रश्न विचारता येतच नाही. डिसेंबरात तो प्रश्न होता. आता तो विचारणं म्हणजेच सांगणं होतं. मी तिच्याकडून ‘नाही’ म्हणण्याची सोय कायमची काढून घेतली होती.

आईने डोळे उघडले. मागे वळून माझं तोंड पाहिलं. 

"आते कसाले इचारी ऱ्हायनी? तवय काबर नही इचारं?"

मी सगळं सांगितलं. चौकटी, दोन जादा पानं, जीपवाल्याचा हॉर्न, माझं पेन. तिच्या रक्तात काय दिसलं ते सोडून सगळं. रडत रडत सांगितलं. आई ऐकत होती. मला वाटलं, ती आता विचारेल, कॅन्सर आहे का. त्या प्रश्नाला काय उत्तर द्यायचं याची मी तयारी केली होती: अजून ठरलेलं नाही, डॉक्टरांकडे जाऊ, पुन्हा तपासणी करू. तिने ते विचारलंच नाही.

"बाकीन्या बायासलेबी असंच करं तू?"

मी मान डोलावली.

"आनि मन्हासारखं आखो कोनले निंघनं?"

मी नाही म्हणायला तोंड उघडलं. आणि मला एकोणीस नंबर आठवला.

 जानेवारीत एकोणीस नंबरच्या नळीत मला हेच दिसलं होतं. तशीच एक बाजू भरलेली, तशीच दुसरी रिकामी. आणि मला आनंद झाला होता. निरोगी म्हणून गोळा केलेल्या माणसांत असं सापडणं म्हणजे अभ्यासाच्या दृष्टीने चांगलीच गोष्ट. ठिपके इतके स्वच्छ आले होते की मी ते चित्र बैठकीत पडद्यावर लावलं. सरांनी वा म्हटलं. आम्ही चहा प्यायलो. फॉर्म मी बघितलासुद्धा नव्हता. माझ्या हातापायांतलं बळ त्या दिवशी कुठेही गेलं नव्हतं.

"एकोणीस नंबरले," मी म्हटलं.

"नंबर नही इचारा मी. कोन शे ती?"

"माहीत नही."

आई उठून उभी राहिली. केस तसेच मोकळे, तेलकट. मी तिला रागावलेलं पुष्कळदा पाहिलं आहे, ती ओरडते, भांडी आपटते. या वेळी तिचा आवाज खाली गेला.

"मी त्यासले वट्टावर बसीसन सांगेल व्हतं. रगतमा काही वाकडं निंघनं ते मन्ही पोर घर येईसन सांगी. त्यासले तू माहीत नव्हती. मन्हा तोंडकडे देखीसन रगत दिन्हं त्यासनी."

मला हे माहीत नव्हतं. ती ओट्यावर त्यांच्याशी काय बोलत होती याकडे माझं लक्षच नव्हतं. ती हे वचन देत होती, आणि तिच्यापासून दहा हातांवर बसून मी ‘नाही’, ‘नाही’, ‘नाही’ अशा खुणा करत होते.

मी तिला म्हटलं, माय, त्यांचं मी बघते, पण तू उद्या माझ्याबरोबर दवाखान्यात चल. हात जोडले. ती म्हणाली, "तिले धुंड. ती सापडनी की आम्ही दोन्ही संगेच जासूत. तोपावत माले काही सांगू नको." आणि पुन्हा ओट्यावर जाऊन सूप घेतलं.

त्याच दुपारी मी सरांना फोन केला.  आधी वाटलं होतं नोकरी जाईल म्हणून भीती वाटते आहे, पण बोलायला लागले तेव्हा नोकरी आठवलीच नाही. मी म्हटलं, सर, फॉर्मवरचा शेवटचा प्रश्न मी विचारला नाही. त्यांनी विचारलं, कुणाला? मी म्हटलं, जवळजवळ कुणालाच. क्रमांक एक माझी आई आहे. एकोणीसचं नाव मला पाहिजे.  सर माणूस म्हणून वाईट नाहीत. म्हणाले, यादी मी अशी उघडू शकत नाही, संस्थेच्या नैतिकता समितीपुढे न्यावं लागेल, लेखी द्या, आणि तोवर कृपा करून कुणाशी काही बोलू नका. किती दिवस लागतील म्हटलं, तर ते मला सांगता येत नाही म्हणाले.

मी लेखी दिलं. एकही गोष्ट न वगळता, आईसकट. समितीची एक बैठक झाली, दुसरी व्हायची आहे. आशाताईला विचारून पाहिलं. ती म्हणाली, ताई, बायका दोन जीप भरून आलेल्या, कोण कितवी बसली ते कसं लक्षात राहील? तिचं बरोबर आहे. लक्षात ठेवायचं काम माझं होतं.

आई दवाखान्यात गेलेली नाही. भावाने सांगून पाहिलं, वहिनी रडली, ती ढिम्म हलत नाही. रोज सकाळी मी फोन करते. ताप आला का, रात्री घाम येतो का, जेवण जातं का, असं आडून आडून विचारते. ती यातल्या एकाचंही उत्तर देत नाही. तीच मला विचारते, "सापडनी का ती?" मी नाही म्हणते. ती बरं म्हणते आणि फोन ठेवते. मग मी प्रयोगशाळेत जाते आणि दुसऱ्यांच्या नळ्या उघडते, आणि प्रत्येक नळी उघडण्याआधी आता तिच्या फॉर्मचं शेवटचं पान काढून बघते.

आणखी एक गोष्ट मी आईला सांगितलेली नाही. एकोणीस नंबरचे ठिपके तिच्यापेक्षा कितीतरी दाट होते. त्या बाईने हात पुढे केला त्याच दिवशी ते तितके दाट होते, आणि त्याला आता चार महिने होत आले.